धातूच्या सूक्ष्म कणांतील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा

धातू कशाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात सापडते. चकाकी, ठोकून पत्रा व ताणून तार होण्याचा गुण, उष्णता आणि वीज सुलभपणे वाहून नेण्याची शक्ती, ही धातूची लक्षणे होत. परंतु ही सारी लक्षणे धातूच्या तुकड्याची आहेत. धातूच्या अणूची नव्हेत. सोन्याच्या एकट्या अणूला चकाकी नसते, आणि तो वीज वाहून नेतो किंवा नेत नाही असे म्हणण्यालाही काही अर्थ नाही. एक ग्रॅम सोन्यात ३ या आकड्यापुढे २१ शून्ये मांडावीत इतके अणू असतात, आणि तो तुकडा निःसंशय धातू असतो. या दोन टोकांच्या दरम्यान धातुत्व नेमके कोठे प्रकट होते? दहा अणू एकत्र आल्यावर, हजार आल्यावर, की लाख? दाण्यावर दाणा ठेवीत गेल्यास त्याची रास केव्हा झाली हे सांगता येत नाही, असा तार्किकांचा जुना पेच आहे. धातूच्या बाबतीत हा पेच केवळ शब्दांचा राहत नाही. मोजमाप करून त्याचे उत्तर मागता येते. मात्र ते मागू लागताच असे दिसून येते की, उत्तर एक नसून, इलेक्ट्रॉनांची कोणती ऊर्जा विचारात घ्यावी त्याप्रमाणे ते बदलते.

धातूचे सूक्ष्म कण ही काही आधुनिक काळाची निर्मिती नव्हे. मायकेल फॅरडे याने १८५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोन्याच्या माणकासारख्या लाल द्रवांवरील आपले प्रयोग मांडले, आणि त्या द्रवांत सोने अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगत असते हे आग्रहाने प्रतिपादिले. १९०८ साली गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञाने विद्युच्चुंबकीय सिद्धान्ताच्या आधारे त्या रंगाचे गणित पूर्ण केले. येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. हा लाल रंग म्हणजे कणातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या सुट्या झाल्याचे चिन्ह होय, असे विधान लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते. ते चुकीचे आहे. सुमारे २० नॅनोमीटर व्यासाच्या सुवर्णकणाचा रंग त्यातील सर्व मुक्त इलेक्ट्रॉनांच्या सामुदायिक आंदोलनामुळे उत्पन्न होतो, आणि त्याचे गणित करताना सोन्याच्या मोठ्या तुकड्यावर मोजलेले प्रकाशीय स्थिरांकच वापरले तरी चालते. कॅडमियम सेलेनाइडासारख्या अर्धसंवाहकाच्या कणांचा रंग ऊर्जापातळ्या दूर सरकल्यामुळे बदलतो, हे खरे. परंतु तो नियम उचलून सोन्याला लावणे म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देणे होय.

मग आकार घटल्यावर धातूच्या कणात बदलते तरी काय? त्यासाठी आर्नोल्ड झोमरफेल्ट याने १९२७-२८ च्या सुमारास मांडलेले चित्र डोळ्यांपुढे ठेवणे इष्ट. धातूतील संयुजा इलेक्ट्रॉन कोणत्याही एका अणूशी बांधलेले नसतात. संपूर्ण तुकडा हीच त्यांची पेटी. पेटीत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनाला कोणतीही ऊर्जा धारण करता येत नाही. ठराविक पातळ्यांपैकीच एक निवडावी लागते. पाउलीच्या विवर्जन-नियमाप्रमाणे एका पातळीवर परस्परविरुद्ध परिवलन असलेले दोनच इलेक्ट्रॉन राहू शकतात. त्यामुळे तळापासून पातळ्या भरत भरत इलेक्ट्रॉनांना वर चढावे लागते, आणि शेवटची भरलेली पातळी जेथे येते त्या उंचीस फेर्मी ऊर्जा म्हणतात. ही उंची इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर अवलंबून नसून त्यांच्या दाटीवर, म्हणजे दर घन नॅनोमीटरमागे किती इलेक्ट्रॉन आहेत यावर अवलंबून असते. सोन्यात ही दाटी सुमारे ५९ आणि फेर्मी ऊर्जा सुमारे ५.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. तुकडा अर्धा केला तरी दाटी तीच, म्हणून उंचीही तीच.

बदलते ती पायऱ्यांची संख्या. एखाद्या बारवेची खोली कायम ठेवून तिच्या पायऱ्या कमी कराव्यात, तर उरलेली प्रत्येक पायरी अधिक उंच होईल. तसेच येथे घडते. माथ्याजवळच्या दोन लगतच्या पातळ्यांमधील सरासरी अंतर काढण्याची रीत अगदी सोपी आहे: फेर्मी ऊर्जेची चौपट घ्यावी आणि तिला इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या तिपटीने भागावे. एक ग्रॅम सोन्यासाठी हे अंतर इतके क्षुद्र येते की, दशांश चिन्हानंतर वीस शून्ये लिहून मगच पहिला अंक लिहावा लागतो. अशा पायऱ्यांना पायऱ्या म्हणणे व्यर्थ होय. तो गुळगुळीत उतारच. परंतु १० नॅनोमीटर व्यासाचा गोल कण घेतला तर त्यात सुमारे ३१ हजार अणू, आणि तितकेच मुक्त इलेक्ट्रॉन असतात. पातळ्यांमधील अंतर ०.०००२४ इलेक्ट्रॉन व्होल्ट होते. तापमानाच्या भाषेत हे २.८ केल्व्हिन होय. द्रव हेलियमाच्या तापमानाच्या, म्हणजे ४.२ केल्व्हिनच्या, हे अगदी निकट आहे. व्यास २ नॅनोमीटरवर आणला की अणू उरतात सुमारे २५० आणि अंतर होते ०.०३ इलेक्ट्रॉन व्होल्ट. खोलीतल्या तापमानाची औष्णिक ऊर्जा, ०.०२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, तिच्याही किंचित वर. म्हणजे अशा कणातील इलेक्ट्रॉनाला साध्या उन्हाळी दिवशीही वरच्या पायरीवर पाऊल ठेवणे सहज जमत नाही.

धातूची कित्येक वैशिष्ट्ये ज्या एका गोष्टीवर उभी आहेत ती म्हणजे फेर्मी पातळीच्या लगत वर रिकाम्या जागा असणे आणि तेथे जाण्यास जवळजवळ काहीच ऊर्जा न लागणे. ही सोय नाहीशी झाली की धातूचे धातुपण डळमळू लागते. हा विचार प्रथम हर्बर्ट फ्रोलिख याने १९३७ साली मांडला. पातळ्या समान अंतरावर आहेत असे धरून त्याने दाखविले की, अत्यंत कमी तापमानात सूक्ष्म कणांतील इलेक्ट्रॉनांची विशिष्ट उष्णता, मोठ्या तुकड्याप्रमाणे तापमानाच्या सरळ प्रमाणात कमी न होता, फार वेगाने शून्याकडे कोसळली पाहिजे. हा विचार बरोबर असला तरी त्यात दोन उणिवा होत्या, आणि त्या भरून काढण्यास पाव शतक जावे लागले.

१९६२ साली टोकियो विद्यापीठातील र्योगो कुबो याने प्रसिद्ध केलेला निबंध हा या विषयाचा खरा आरंभ मानला जातो, आणि पातळ्यांमधील वर सांगितलेल्या सरासरी अंतरास आज कुबोचेच नाव दिले जाते. नावाची ही योजना न्याय्य असली तरी एका अर्थी दिशाभूल करणारी आहे. कारण कुबोच्या निबंधातील अधिक खोल विचार अंतराविषयी नाहीच. तो आहे इलेक्ट्रॉनांच्या संख्येविषयी.

मोठ्या धातूतील इलेक्ट्रॉनांचे सांख्यिकीय गणित करताना असे गृहीत धरतात की तुकडा आपल्या परिसराशी इलेक्ट्रॉनांची मुक्त देवघेव करीत आहे. एखादा आला, एखादा गेला, याचे सोयरसुतक कोणास नाही. दुकानाच्या गल्ल्यात दोन पैसे इकडेतिकडे झाले तर व्यापारी बेचैन होत नाही, तसे. कुबोने विचारले की सूक्ष्म कणाला हा बेफिकीरपणा परवडेल काय? उदासीन कणातून एक इलेक्ट्रॉन काढला की मागे एक धन भार उरतो, आणि तो भार एवढ्याशा गोळ्यावर साठविण्यास स्थिरविद्युत् ऊर्जा खर्चावी लागते. ही ऊर्जा त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. निर्वातात टांगलेल्या, १ नॅनोमीटर त्रिज्येच्या कणासाठी ती ०.७२ इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. ५ नॅनोमीटर त्रिज्येसाठी ०.१४ इलेक्ट्रॉन व्होल्ट. शेवटची संख्या तापमानात मांडली तर सुमारे १,७०० केल्व्हिन होते. याच कणाच्या पातळ्यांमधील अंतर २.८ केल्व्हिन होते, हे मघाशी दिलेच आहे. दोहोंचे गुणोत्तर सहाशे!

या तुलनेवर थोडे थांबणे योग्य ठरेल, कारण विषयाचे मर्म येथेच आहे. पातळ्यांमधील अंतर कणाच्या आकारमानाच्या, म्हणजे त्रिज्येच्या घनाच्या, व्यस्त प्रमाणात वाढते. त्रिज्या दहावा भाग केली तर ते हजारपट होते. भाराची ऊर्जा तेवढ्यानेच केवळ दहापट होते. यावरून असे वाटावे की लहान कणांच्या राज्यात अंतर लवकरच भाराला मागे टाकील. सोन्याचे आकडे घालून पाहिले असता मात्र दोन्ही रेषा एकमेकींस छेदतात त्या ०.२ नॅनोमीटर त्रिज्येपाशी. ही तर एकट्या अणूचीच त्रिज्या झाली! तात्पर्य, मोकळ्या कणापुरते बोलावयाचे तर भाराची ऊर्जा कोणत्याही आकाराला मोठीच असते, आणि ती कितीतरी आधी जाणवू लागते. खोलीच्या तापमानात ती औष्णिक ऊर्जेच्या बरोबरीस येते ५६ नॅनोमीटर व्यासापाशी. पातळ्यांचे अंतर तेथवर पोहोचते ते व्यास २.१ नॅनोमीटर झाल्यावर. द्रव हेलियमाच्या तापमानात हेच दोन उंबरठे अनुक्रमे सुमारे ४,००० नॅनोमीटर व ९ नॅनोमीटर येथे आहेत. ५६ पासून २ नॅनोमीटरपर्यंतच्या विस्तीर्ण प्रदेशात कणाचे अंतरंग बव्हंशी मोठ्या धातूसारखे, परंतु देवघेवीच्या बाबतीत मात्र तो एकेक इलेक्ट्रॉन मोजणारा कृपण, अशी स्थिती असते. कण एखाद्या आधारावर बसविला किंवा विद्युत्‌रोधक द्रवात ठेवला तर भाराची ऊर्जा कमी होते, आणि जवळपास धातूचा पृष्ठभाग असल्यास पुष्कळच कमी होते; म्हणून प्रत्यक्ष प्रयोगाचा अर्थ लावताना हे आकडे सैल हाताने घ्यावे लागतात. दोन उंबरठे भिन्न आहेत, ही गोष्ट मात्र त्यामुळे बदलत नाही.

इलेक्ट्रॉनांची संख्या निश्चित आहे असे एकदा मान्य केले की एक चमत्कारिक निष्कर्ष आपोआप निघतो. संख्या निश्चित म्हणजे ती सम तरी असणार किंवा विषम तरी. सम असेल तर सर्व इलेक्ट्रॉन जोडीजोडीने बसतील आणि अतिशीत कणाची परिवलनजन्य चुंबकीयता नाहीशी होईल. विषम असेल तर एक इलेक्ट्रॉन एकाकी राहील, आणि कण एखाद्या इवल्या चुंबकाप्रमाणे वागू लागेल. तीस हजार इलेक्ट्रॉनांच्या मेळाव्यात एकाच्या असण्यानसण्याने सर्व कणाचा स्वभाव पालटावा, ही कल्पना मोठ्या धातूचा अभ्यास केलेल्यांना प्रथम पटण्यासारखी नव्हती. १९७० नंतरच्या काही वर्षांत जपानी संशोधकांनी तांब्याच्या कणांतील अणुकेंद्रांचे चुंबकीय अनुस्पंदन मोजले, तेव्हा कण जसे लहान व तापमान जसे कमी तसे काही अणुकेंद्रांभोवतीच्या इलेक्ट्रॉनांची चुंबकीयता लोपत चालल्याचे त्यांना आढळले.

फ्रोलिखची दुसरी उणीव समान अंतराच्या गृहीतात होती. खऱ्या कणाचा पृष्ठभाग ओबडधोबड असतो आणि त्याच्या पातळ्याही अनियमित पडतात. कुबोने त्या पूर्णतः यादृच्छिक मानल्या. १९६५ साली गोर्कोव्ह व एल्याशबेर्ग या रशियन शास्त्रज्ञांनी तेही पुरेसे नाही असे दाखविले: दोन पातळ्या परस्परांना जणू दूर ढकलतात, आणि फार जवळ येण्याचे टाळतात. युजीन विग्नर व फ्रीमन डायसन यांनी अणुकेंद्रांच्या पातळ्यांसाठी रचलेले यादृच्छिक सारण्यांचे गणित त्यांनी धातूच्या कणांस लावले. त्यानुसार विशिष्ट उष्णता तापमानाच्या दुसऱ्या, तिसऱ्या वा पाचव्या घाताने उतरावी; कोणता घात लागू पडेल ते चुंबकीय क्षेत्रावर आणि परिवलन व कक्षागती यांच्या परस्परबंधावर अवलंबून असते. सिद्धान्त देखणा आहे. प्रयोगाची बाजू मात्र दीर्घकाळ दुबळी राहिली, आणि त्याचे कारण साधे होते: भुकटीतील कण एकसारखे नसतात. निरनिराळ्या आकारांच्या कोट्यवधी कणांची सरासरी घेतली म्हणजे पायऱ्या पुसून जातात.

ही अडचण ओलांडण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला, प्रत्येक कणातील अणू अक्षरशः मोजून घेणे. १९८४ साली बर्कली येथील वॉल्टर नाइट व त्याचे सहकारी यांनी सोडियमची वाफ अरगॉन वायूबरोबर एका बारीक छिद्रातून निर्वातात सोडली. वाफ प्रसरण पावताच थंड होते, आणि अणू गुच्छागुच्छांनी गोठतात. वस्तुमानानुसार या अणुगुच्छांची गणती केली असता ८, २०, ४०, ५८ व ९२ अणूंचे गुच्छ शेजाऱ्यांपेक्षा ठळकपणे अधिक आढळले. धातूंतील अणुकेंद्रीय अनुस्पंदनाच्या ज्या विचलनावर तांब्याचे उपरोक्त प्रयोग आधारलेले होते, त्याचा शोध १९४९ मध्ये लावणारा आणि ज्याच्या नावाने ते ओळखले जाते तो हाच नाइट. एका मनुष्याने या विषयाला दोन स्वतंत्र दिशांनी स्पर्श करावा, हा योग लक्षणीय आहे.

या संख्यांचा अर्थ असा. कण अगदी लहान आणि गोल असला तर त्यातील पातळ्या एकेकट्या विखुरत नाहीत. समान ऊर्जेच्या अनेक पातळ्यांचा एक थर, मग मोठी फट, मग दुसरा थर, अशी त्यांची रचना होते. एका थरात २, त्यावरील थरात ६, पुढे १० व २ असे इलेक्ट्रॉन मावतात, आणि बेरजा ८, २० अशा येतात. थर पूर्ण भरला की गुच्छ विशेष स्थिर होतो. अणुकेंद्रातील प्रोटॉन-न्यूट्रॉनांचे थरही याच धर्तीचे असतात. २, ८, २० ही पहिली मालिका दोहोंकडे समान आहे, आणि पुढे मात्र अणुकेंद्रात परिवलन व कक्षागती यांचा बंध प्रबळ असल्यामुळे २८, ५०, ८२ अशी वेगळी वाट फुटते. सरासरी अंतराचे सूत्र येथे निरुपयोगी ठरते. ते सूत्र चुकीचे म्हणून नव्हे, तर सरासरीच्या भोवती फार मोठे चढउतार आहेत म्हणून. अशा सोडियम-गुच्छांच्या रचनेवर व वितळण्यावर पुणे विद्यापीठाच्या भौतिकी विभागात दिलीप कान्हेरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रदीर्घ संगणकीय संशोधन केले आहे. गुच्छ कोणत्या तापमानाला व कसा वितळेल हे त्याच्या भौमितिक रचनेप्रमाणे इलेक्ट्रॉनांच्या थरांवरही अवलंबून असते, हा त्यातील एक महत्त्वाचा धागा होय.

इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास लागणारी ऊर्जा हे आकाराच्या परिणामाचे बहुधा सर्वांत स्पष्ट मोजमाप होय. सोडियमच्या एकट्या अणूतून तो काढण्यास ५.१४ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, तर सोडियमच्या तुकड्यातून सुमारे २.७५. दरम्यानच्या गुच्छांत ही ऊर्जा त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात उतरत जाते, आणि त्या उतारावर ८, २०, ४० या ठिकाणी थर पूर्ण झाल्याच्या उड्या दिसतात. उताराचे कारण पुन्हा तेच: बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनास मागे राहिलेला धन भार खेचून धरतो. मात्र या उताराचा गुणांक किती, यावर जो वाद झाला तो शिकण्यासारखा आहे. १९८१ साली प्रतिमा-भाराच्या विचाराने तो तीन अष्टमांश ठरविण्यात आला. प्रयोगातील आकडे त्याच्याशी बरेच जुळले; सोडियमच्या एका अणूलाही हा नियम लावला तर ५.३ येतात, म्हणजे खऱ्या किमतीच्या अगदी शेजारी. परंतु १९८८ साली माकोव्ह, नित्झान व ब्रुस यांनी दाखविले की, निखळ अभिजात विद्युत्‌शास्त्राने हा गुणांक एक द्वितीयांशच आला पाहिजे. तीन अष्टमांशाच्या युक्तिवादात पृष्ठभागाच्या अगदी निकट प्रतिमा-बलाचा हिशेब करताना चूक झाली होती. मग प्रयोग जुळला कसा? कारण इलेक्ट्रॉनांचे पुंजयामिकीय वर्तन विचारात घेतले असता, त्यांच्या गतिज व विनिमय ऊर्जांमुळे, एक द्वितीयांशात एक ऋण दुरुस्ती येते आणि कित्येक साध्या धातूंत गुणांक घसरून योगायोगाने तीन अष्टमांशाच्या आसपास येतो. चुकीच्या वाटेने बरोबर गावी पोहोचण्याचा हा प्रकार. आकडा जुळला म्हणजे कारण सापडले असे नव्हे.

पाऱ्याची गोष्ट सोडियमहून निराळी आहे. सोडियमच्या अणूत बाह्यतम इलेक्ट्रॉन एकच असल्याने त्याची पातळी अर्धीच भरलेली असते. पाऱ्याच्या अणूत असे दोन इलेक्ट्रॉन आहेत. पातळी पूर्ण भरलेली, आणि वरची रिकामी पातळी दूर. म्हणून पाऱ्याचे मूठभर अणू एकत्र आले तरी ते निष्क्रिय वायूच्या अणूंसारखे एकमेकांना क्षीणपणे चिकटून राहतात. अणू वाढतील तसतसे भरलेल्या व रिकाम्या पातळ्यांचे पट्टे रुंद होत जातात आणि अखेर एकमेकांत मिसळतात. १९९८ साली केलेल्या मोजमापांवरून हे मीलन सुमारे ४०० अणूंपाशी व्हावे असे अनुमान निघाले. या बदलाचा कुबोच्या अंतराशी संबंध नाही. येथे रासायनिक बंधाची जातच बदलते.

दुसरा मार्ग, एकच कण पकडून त्याचीच तपासणी करणे. १९६८ साली गीव्हर व झेलर यांनी ऑक्साइडच्या पातळ थरात कथिलाचे कण पुरून त्यांतून बोगदा-परिणामाने वाहणारा विद्युत्‌प्रवाह मोजला, तेव्हा भाराची ऊर्जा प्रवाहाला अडविते हे प्रत्यक्ष दिसले. तरीही ते अनेक कण होते. १९९५ साली हार्वर्ड येथे राल्फ, ब्लॅक व टिंकम यांनी ॲल्युमिनियमच्या एकाच कणातून असा प्रवाह नेला. त्यांच्या आलेखात प्रथम भारामुळे येणारी अडवणूक दिसते, आणि ती ओलांडल्यावर प्रवाह लहान लहान पायऱ्यांनी वाढतो. यातील प्रत्येक पायरी ही कणातील एकेक ऊर्जापातळी होय. दोन भिन्न मापांच्या ऊर्जा एकाच आलेखावर वेगवेगळ्या वाचता आल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी अतिसंवाहकतेचा प्रश्न हाती घेतला. फिलिप अँडरसन याने १९५९ सालीच असे भाकीत केले होते की, पातळ्यांमधील अंतर अतिसंवाहक ऊर्जा-फटीहून मोठे झाले की अतिसंवाहकता टिकणार नाही. ॲल्युमिनियमची फट सुमारे ०.०००१८ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. हिशेबाने तेवढे अंतर सुमारे १० नॅनोमीटर व्यासाच्या कणात येते. हार्वर्डच्या मोठ्या कणांत फट स्पष्ट दिसली, आणि ती सम व विषम संख्येच्या कणांत वेगळी होती. सर्वांत लहान कणांत ती ओळखू येईनाशी झाली.

या भेदांचा उपयोग केवळ सैद्धान्तिक समाधानापुरता नाही. १९८० च्या दशकात सोन्याच्या सूक्ष्म कणांवर क्ष-किरण टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजली जाई, आणि कण लहान होताच अणूच्या आतील इलेक्ट्रॉनांची बंधन-ऊर्जा वाढलेली दिसे. यावरून लहान कणात सोन्याचे अंतरंगच बदलते असा निष्कर्ष अनेकांनी काढला. १९८३ साली वेर्थाइम व त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधी पण अचूक गोष्ट निदर्शनास आणली. आतील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा जितकी सरकते तितकीच फेर्मी पातळीची कडही सरकते. सर्वच पातळ्या एकाच मापाने सरकत असतील तर घराच्या खोल्या बदललेल्या नाहीत. सगळे घरच उचलले गेले आहे. उचलणारा तो मोजणाऱ्याने स्वतःच निर्माण केलेला एक धन भार! इलेक्ट्रॉन काढल्यावर, अल्पसंवाहक कार्बनच्या आधारावरील कण पुन्हा उदासीन होण्यापूर्वीच मोजमाप पूर्ण होते, आणि ती भाराची ऊर्जा आकड्यात मिसळते. १ नॅनोमीटर त्रिज्येला ०.७ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचे विचलन अशा रीतीने येऊ शकते. आरंभीच्या अवस्थेतील खरे बदलही असतात, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु भाराचा वाटा वजा केल्याशिवाय त्यांविषयी बोलता येत नाही.

आणि असे बोलण्याचा मोह सोन्याच्या बाबतीत विशेष प्रबळ आहे. १९८७ साली जपानमधील मासाताके हारुता व त्याचे सहकारी यांनी दाखविले की लोह, कोबाल्ट यांच्या ऑक्साइडांवर बसविलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे ज्वलन उणे ७० अंश सेल्सियसलाही घडवून आणतात. जो धातू हजारो वर्षे गंजत नाही, कशाशी संयोग पावत नाही, म्हणून दागिन्यांस योग्य ठरला, तोच एवढा क्रियाशील व्हावा हे आश्चर्यच होते. १९९८ साली टेक्सास येथील गुडमन व सहकारी यांनी टायटॅनियम ऑक्साइडावरील सुवर्णकण एकेक करून तपासले. सुमारे ३.५ नॅनोमीटर व्यासाचे, दोन अणूंइतक्या जाडीचे कण सर्वांत क्रियाशील ठरले, आणि त्याच सुमारास बोगदा-प्रवाहाच्या आलेखात ०.२ ते ०.६ व्होल्टची फट उघडलेली आढळली. धातुत्व गेले आणि क्रियाशीलता आली, असा मोहक निष्कर्ष त्यातून निघाला.

या आकड्यांना वर सांगितलेली पट्टी लावून पाहावी. ३.५ नॅनोमीटर व्यासाच्या, दोन थरांच्या चकतीत सुमारे २५० ते ३०० अणू असतात. सरासरी अंतराच्या सूत्राने पातळ्यांमधील अंतर सुमारे ०.०३ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते, म्हणजे मोजलेल्या फटीच्या सहाव्या भागाहूनही कमी. तेव्हा एवढी मोठी फट निव्वळ पायऱ्या उंच झाल्यामुळे उघडली असे म्हणता येत नाही. कणावर चढणारा-उतरणारा भार, चकतीची अत्यल्प जाडी, आणि खालच्या ऑक्साइडाशी जडलेले बंध यांचा त्यात वाटा असला पाहिजे. क्रियाशीलतेच्या बाजूनेही पर्यायी कारणे पुढे आली आहेत: लहान कणात कडांवर व कोपऱ्यांवर असलेल्या, शेजारी कमी असलेल्या अणूंचे प्रमाण झपाट्याने वाढते, आणि वायूचे रेणू त्यांना चिकटतात, शिवाय सोने व ऑक्साइड जेथे मिळतात त्या परिघावर अभिक्रिया घडते याला भक्कम पुरावा आहे. ही सारी राशी कणाच्या आकाराबरोबरच बदलते, म्हणून केवळ आकार बदलून प्रयोग केल्यास कारणे विलग होत नाहीत.

बंगळूर येथे सी. एन. आर. राव, जी. यू. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सोने, चांदी, पॅलेडियम इत्यादींचे कण ग्रॅफाइटवर, म्हणजे संवाहक आणि रासायनिकदृष्ट्या उदास अशा आधारावर, बसवून बोगदा-प्रवाह मोजला, आणि कणाचे आकारमान जसे घटते तशी फट वाढते असे त्यांना आढळले. तेथे ती फट दिसू लागते ती ऑक्साइडावरील चकत्यांपेक्षा पुष्कळच लहान कणांत. आधार बदलताच उंबरठा सरकतो. म्हणून सोन्याचा कण किती अणूंपासून धातू होतो असे विचारणाऱ्याने, तो कशावर बसला आहे, त्याचे तापमान किती, आणि मोजताना त्यातून इलेक्ट्रॉन काढला की त्यात घातला, हेही त्याच प्रश्नात सांगावे लागते.